मधली पात

रोप चिखलात दोन पेरं खोल जावं लागतं. एकच पेर गेलं तर तासाभरात तरंगायला लागतं, तीन गेली तर आठवड्यात पिवळं पडतं. सोनीचा अंगठा हे माप न बघता घेत होता. माहेरी, साखरशेतच्या खाचरात, आईनंच ते शिकवलं होतं, ती सात-आठ वर्षांची असताना.

सासरची ही पहिली आवणी, भाताची लावणी. मोखाड्याकडच्या या गावात पहिल्या आवणीला नव्या सुनेला मधल्या पातीला उभं करतात. दोन्ही बाजूंच्या बाया ठरवून झपाझप रोपं लावत मागे सरकतात, सून एकटीच पुढे राहते. शेवटी तिच्या पाठीमागची पातही लावून टाकतात. सून कोंडली, म्हणायचं. मग तिनं नवऱ्याचं नाव घेतल्यावरच तिला हात देऊन बाहेर काढायचं.

"वहिनी, हात चालव गं," डावीकडून नणंद रविना म्हणाली. "माहेरात काय नुसती भाकरच खायचीस?"

"खाऊ दे," उजवीकडून सासू, धाकली तिचं नाव, म्हणाली. "कोंडली का भाकर बी आठवंल नि आई बी."

बाया हसल्या. सोनीही हसली. आई सकाळपासूनच आठवत होती.

साखरशेतला सोनीची पात नेहमी बांधाकडची, आणि शेजारी आई, बाळी. बाळी एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारी बाई. पण खाचरात उतरली की तिचं तोंड थांबायचं नाही.

"सोनी, कोंबडी डालली का?"

"डालली."

"काळी का पिवळी?"

"दोन्ही, आये."

चार रोपं होतात न होतात तोच पुन्हा, "सोनी, आज भाजीला टाकळा करू का कुर्डू?"

"टाकळा."

"काल तर खाल्लास."

बाया म्हणायच्या, बाळीला पाणी चढतं. सोनी वैतागायची. उत्तराला जरा उशीर झाला की आईचा चिखलाचा हात तिच्या कोपरावर यायचा. एकदा ती मुद्दामच गप्प राहिली, नुसती गंमत म्हणून. हात आला. तिनं हसत वर पाहिलं, आणि तिला आईचा चेहरा दिसला. त्यानंतर टाकळा का कुर्डू याचं उत्तर द्यायला तिनं कधी उशीर केला नाही.

सोनीला नवव्या वर्षापासून फिट येत होती. वाकलेलं माणूस तोंडावर पडतं, आणि बुडायला खाचरातलं चार बोटं पाणी पुरतं. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितलं ते फार नंतर.

"कोनाला बोलायचं नाय," आई म्हणायची. "मी हाय ना."

आई दोन वर्षांपूर्वी गेली.

नवऱ्याला, विनोदला सांगायचं, असं सोनीनं सुपारीच्या दिवशी ठरवलं होतं. मग म्हणाली, हळद उतरू दे. मग म्हणाली, आषाढ लागू दे. घरात तिच्या गोळ्या रगतवाढीच्या म्हणून सगळ्यांना ठाऊक होत्या. धाकली स्वतः रात्री आठवण करून द्यायची. खरं कळलं तर भगताकडे नेतील, नाहीतर माहेरी पोचवतील. माहेरी आता भाऊ होता आणि भावजय होती, आई नव्हती. घाटात दरड पडून चार दिवस एसटी बंद होती. शेवटची गोळी परवा संपली. एक दिवसही चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी तिच्या वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

तिनं मान वर केली. डावीकडे चार हात रोपं उभी होती, उजवीकडे तितकीच. मागे वळून पाहिलं, तर तिथलीही पात भरली होती. बाया लांब सरकलेल्या, वाकलेल्या. जिची तिची नजर जिच्या तिच्या अंगठ्यावर. पाण्यावर बारीक पाऊस वाजत होता, आणि कुणी तिला काही विचारत नव्हतं.

"कोंडली," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या बाया हसत उभ्या राहिल्या.

रविनानं अंगठा डोक्यावरच्या फडक्याला पुसला आणि प्लास्टिकच्या पिशवीतला मोबाइल काढून समोर धरला. "घे नाव, वहिनी. मोठ्यानं घे. दादा वरच्या खाचरात हाय, त्याला जायला पाहिजे ऐकू."

"दम तं खाऊ दे तिला," धाकली म्हणाली. "लाजंल पोर."

वरच्या खाचरात चिखलणी थांबली होती. विनोद बैलांना धरून, कान देऊन उभा होता, आधीच हसत.

सोनीनं कंबर सरळ केली. तोंडावरचं पाणी मनगटानं पुसलं.

"नाव घेते," ती सासूकडे बघत म्हणाली. "त्याच्या आधी ऐका. आई, तुम्ही पण ऐका. मला फिट येते, लहानपणापासून. त्या गोळ्या फिटच्याच होत्या." मग वरच्या खाचरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "मी पडले तर रोपांकडे बघू नका. तुडवत या."