चार पावलं पुढे

आमचे हे लग्नापासून रस्त्यात माझ्या चार पावलं पुढेच. चारचौघांत हात धरणं म्हणजे ह्यांच्या लेखी निव्वळ चावटपणा. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच दटावलं, "आजोबा, इतक्यात आजींचा हात सोडायचा नाही." तेव्हापासून माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात ह्यांचा हात. केव्हाच लख्ख दिसायला लागलं. मी मात्र "अजून धूसरच दिसतंय" म्हणत राहिले. आज बाजारातून परतताना बोलून गेले, "अहो, कानामागे दाढीचा साबण राहिलाय." हे थबकले. आता पुन्हा ह्यांची पाठ बघत चालायचं! ह्यांनी मोकळ्या हाताने साबण पुसला, माझ्याकडे पाहिलं. माझा हात सोडला नाही. "सांभाळून गं," म्हणाले, "पुढे पायरी आहे." मी चष्म्यातून पाहिलं. रस्ता थेट कोपऱ्यापर्यंत सपाट होता. मी अगदी जपून पाय उचलला.