सीए की कॉस्टिंग?

"पोरगी सीए होतेय," हे तिचे बाबा सलूनमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. तिला मात्र कारखान्यातली नोकरी हवी होती. कुठली वस्तू बनवायला किती खर्च येतो, हे शोधून काढायची तिला भारी हौस. म्हणून तिने सीएऐवजी कॉस्ट अकाउंटंटच्या कोर्सला नाव घातलं आणि घरी ब्रही काढला नाही. चार वर्षं तसंच रेटलं. शेवटचा निकाल लागला, नोकरीही मिळाली, तेव्हा सांगण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. दुपारी सलून रिकामं बघून तिने धीर केला.

"बाबा, मी सीए नाही झाले. कॉस्ट अकाउंटंट झालेय. पहिल्यापासून तेच करत होते."

बाबा वस्तरा पुसत राहिले. "माहितीये. पहिल्याच वर्षी तुझ्या फीची पावती वाचली होती."

"मग लोकांना अजून सीए का सांगता?"

"मध्यंतरी खरं सांगून पाहिलं गं. पण जो तो विचारायचा, कॉस्ट अकाउंटंट म्हणजे नेमकं काय? ते समजावण्याच्या नादात दोघांच्या मिश्या उडाल्या. तिसरा खुर्चीत बसला, तेव्हा म्हटलं, सीएच बरं."