बाबा मावेनात

पहिला कॅमेरा घेताना दुकानदार म्हणाला होता, "झूम हवाय कशाला? सरळ माणसालाच मागेपुढे करायचं." आता मी पोलीस ठाण्यात घामाघूम होऊन उभा होतो.

"वडिलांना शेवटचं कुठे पाहिलंस?"

"कॅमेऱ्यातून."

"थट्टा पुरे," हवालदार गुरकावले. "शेवटचं काय बोललास?"

"'बाबा, मावत नाही तुम्ही, अजून मागे व्हा.' मग मी सेटिंग जुळवत बसलो. वर बघतो तर रस्ता रिकामा."

"मागे काय आहे?"

"नदी."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबरवरून बाबा धापा टाकत बोलत होते.

"अरे, पूल ओलांडून पलीकडे आलोय. आता मावतोय का, की अजून मागे जाऊ?"