तीनशे पन्नासवर

"तीनशे पन्नासवर लाव," ओमकार म्हणाला.

अक्षया ओव्हनसमोर वाकली होती, ती तशीच थांबली. ह्या ओव्हनचा आकडा अडीचशेवरच संपतो! तारकर्लीत उतरलेल्या पाहुण्यांच्या वाढदिवसांचे केक ती ह्यातच करते, आणि करते ते एकशे ऐंशीवर.

"दादा, तीनशे पन्नास हेच्यात नायच आसा."

"मगे फुल कर. जहाजार तीनशे पन्नासच असता."

जहाजाचं नाव काढल्यावर अक्षयाने बटण शेवटपर्यंत फिरवलं. ओमकार अमेरिकेच्या मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला, पहिल्यांदाच रजेवर आलेला. फोनवर त्याने एवढंच सांगितलं होतं, बेकरीत आसय. पुढचं सगळं बाबांनी स्वतःच जोडलं आणि होडी ओढता ओढता किनाराभर सांगितलं, आमचो ओमकार जहाजार केक करता! ते फिरत फिरत थेट बांद्याला पोचलं आणि तिथून स्थळ आलं. आज बांद्याहून सुदेशकाका मुलीला घेऊन घर बघायला येणार होते. हो, मुलीलाच घेऊन. नम्रताने आधीच सांगून ठेवलेलं, मी स्वतः बघितल्याशिवाय हो म्हणायची नाही. म्हणून मग आईने सकाळीच ओमकारला सांगितलं, "तुझ्या हातचो केक ठेव त्यांच्यासमोर."

ओमकार नाही म्हणाला नाही. तिथेच सगळा घोळ झाला.

ओव्हन फुल. ओमकार खिडकीत उभा, माडांकडे बघत. एकदा म्हणून त्याने काचेतून आत डोकावलं नाही. धूर निघाला तेव्हा अक्षयाच धावली. केक वरून कोळसा, आतून लगदा, आणि कडा टिनला अशा चिकटलेल्या की सुरीसुद्धा शिरेना.

"काय जळता गो?" ओटीवरून बाबा ओरडले.

"काय नाय, बाबा!"

तिने घाईघाईने मोबाइलवर शोधलं आणि उडीच मारली. "दादा, तुमची डिग्री वेगळी! फॅरनहाइट! तुमचे तीनशे पन्नास म्हणजे आमचे एकशे सत्त्याहत्तर. आपण दोघव बरोबर होतो रे!"

"व्हय, ताच ता," ओमकार म्हणाला. पण त्याच्या तोंडावर आनंद काही दिसेना.

"चल मगे, पीठ भिजव परत. आता एकशे ऐंशीर लावया."

"तूच कर गो," तो म्हणाला. "माझो हात आता बसाचो नाय."

वेळच नव्हता. अक्षयाने भराभर दुसरा केक केला, दुसऱ्या टिनमध्ये. करपलेला टिन मागच्या दारी टाकला, तो आता फेकायचाच होता. मग ती केस विंचरायला, साडी बदलायला पळाली.

पाहुणे आले. केक मस्त फुललेला. सुदेशकाकांनी दोनदा मागून घेतला. बाबांची छाती तर काय विचारू नका! "जहाजार मोठे मोठे गोरे हेच्याच हातचो केक खातत!" ओमकार जमिनीकडे बघत बसलेला. नम्रता त्याच्याकडे बघत बसलेली.

अक्षया चहा ठेवायला आत गेली आणि गॅसच्या बटणावर तिचा हात तसाच राहिला.

कट्ट्यावर तो मागच्या दारी टाकलेला टिन होता. लखलखीत. कोपऱ्यातला पोचा नसता तर तिने तो ओळखलाही नसता. आजचं करपलेलं गेलंच होतं, पण वर्षानुवर्षांचा जुना काळा थरही गेला होता, जो तिला कधीच निघाला नव्हता. बाजूला सकाळची सगळी भांडी, मोठ्यापासून लहानापर्यंत उपडी, सगळे दांडे एका बाजूला. एवढ्याशा वेळात! असा हात केक करून तयार होत नाही. त्यासाठी रोज ढीगभर टिन घासावे लागतात.

मागून रिकाम्या बश्या घेऊन नम्रता आली. तिने नाक वर करून वास घेतला, मग टिन उचलून हुंगला.

"ह्यो करपलेलो मा? कोणी घासल्यान?"

'मी' म्हणायला अक्षयाने तोंड उघडलं. बाहेर बाबा अजून जहाजावरच होते.

"दादान," ती म्हणाली. "करपवल्यान पण त्यानच."

"आणि केक?"

"केक मी केलंय."

नम्रताने टिन उलटसुलट केला. कोपऱ्यांतून बोट फिरवलं. बोट कोरडं, स्वच्छ. तळात तिचा चेहरा दिसत होता.

"नमू," बाहेरून सुदेशकाकांनी हाक मारली, "निघाचा मा आता? काय ता सांग बघू."

"बाबा, माका पसंत आसा!" ती आतूनच ओरडली.

ओटीवर एकच हशा झाला. "बघलास?" बाबांनी मांडीवर थाप मारली. "केकान काम केल्यान!"

नम्रताने टिन परत उपडा ठेवला, बाकीच्या भांड्यांच्या रांगेत, जिथे होता तिथेच.

"केक काय गो," ती अक्षयाला हळूच म्हणाली, "बाजारात पण इकत गावता."