धक्क्यावरची गाठ

शवपेटी न्यायला आलेली नाव व्हेनिसच्या त्या अरुंद कालव्यातल्या लाकडी धक्क्याला टेकली. नावाड्याने दोर फेकला आणि ओर्सोलाने सवयीने तो झेलून खुंटाला गुंडाळला, गाठ मारली. रोज संध्याकाळी नवऱ्याची नाव आली की ती हेच करायची. "झोपलीस की काय गं? धर दोर!" वळणावरूनच बोर्तोलो ओरडायचा. आज तो पेटीत होता. चौघांनी पेटी अलगद नावेत उतरवली. "काकू, दोर सोडा," सुकाणूजवळून नावाडी म्हणाला. "भरती चढली तर पुलाखालून निघणार नाही आपण. कबरस्तानात पाद्री खोळंबलाय." ओर्सोलाने गाठीला हात लावला नाही. "वहिनी, सोड की गं!" नणंद कुजबुजली. "दादाला कशाला ताटकळत ठेवतेस?" ओर्सोलाच्या डोळ्यांत पाण्याचं टिपूस नव्हतं. गाठीकडे बघत ती शांतपणे म्हणाली, "ते माझं काम नाही गं. मी नुसती बांधायचे. सकाळी सोडायचा तो."