जास्तीचा पगार

चंपतरावांनी रुमालाची गाठ सोडली आणि नोटा गादीवर ठेवल्या. सहाशे रुपये.

"मालक, हे तुमचे हायेत. मोजून घ्या."

मधुकररावांनी नोटांकडे पाहिलंच नाही, माणसाकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस त्यांच्या साड्यांच्या दुकानातली मुनिमकी सोडून गेला होता आणि त्याच गल्लीत, चार दुकानं सोडून, स्वतःचं दुकान थाटून बसला होता. तेव्हापासून मधुकरराव तिथून जाताना मान फिरवून जात. माझ्या हाताखाली शिकला आणि माझ्याच उरावर बसला, असं येईल त्याला ऐकवत.

"कशाचे पैसे?"

"शेवटच्या वर्षी मले पगार जास्तीचा मिळाला. मालकानं वाढवला, असं गिरिधर सांगे, अन् वाढीतले अर्धे परत मागून घे. मागून समजलं, तुमाले पत्ताच नाई. त्याचे अर्धे त्याले लखलाभ. मी पुरे भरून राहिलो. बायको म्हणे, असा पैसा घरात ठेवू नका."

गिरिधर मधुकररावांचा दिवाणजी. गल्ला त्याच्याकडे, पगार वाटणं त्याच्याकडे, दर आठवड्याला एस.टी.नं खाप्याला जाऊन विणकरांच्या साड्या आणणंही त्याच्याकडेच. नायलॉननं अख्खा बाजार खाल्ला तरी हे दुकान उभं होतं ते खाप्याच्या साड्यांवर. बारा वर्षांत त्यांनी गिरिधरला एकदाही हिशेब विचारला नव्हता, आणि याचा त्यांना केवढा अभिमान!

त्यांनी चंपतरावांसाठी चहा मागवला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

पायरी उतरताना चंपतराव थांबले. "माहं नाव तेवढं घेऊ नका, मालक. त्याची लेकरं लहान हायेत. एका गल्लीत राहून वैर काहून?"

"नाई घेत. शब्द देतो."

घरी यमुताई ऐकून म्हणाल्या, "गिरिधर तसा नाई हो."

"मंग काय चंपतराव खोटा? खोटं बोलाले कोणी पदरचे सहाशे मोजते का वं?"

मधुकरराव ताटावरून तसेच उठले. चंपतरावांच्या जाण्यानं राग आला होता. हे मात्र आतडं पिळवटणारं होतं. घरचा म्हणून ज्याच्या कमरेला किल्ल्या बांधल्या, त्यानंच घर पोखरलं!

सकाळी दुकान उघडताच त्यांनी विचारलं, "गिरिधर, माह्या नावावर कोणाले जास्तीचा पगार वाटला होता का गा?"

"नाई, मालक."

"अन् त्यातले अर्धे परत घेतले?"

"कोण म्हणते?"

"कोण म्हणते ते सोड. हो का नाई, ते सांग."

गिरिधर म्हणाला, "बारा वर्षांनी तुम्ही मले हे विचारून राहिले, मालक?"

चोराला सरळ उत्तर सुचणार कुठून! मधुकररावांनी हात पुढे केला. गिरिधरनं किल्ल्यांचा जुडगा त्यावर ठेवला, वाकून पाया पडला आणि चपला घालून निघाला. जाता जाता हेही नाटक करून गेला, असं मधुकररावांना वाटलं, आणि तरीही डोळे भरून आले.

लग्नसराई तोंडावर होती. खाप्याचा माल येईना. नव्या माणसाला विणकरांनी दारातूनच परत पाठवलं. आता विश्वासाचा माणूस आणायचा कुठून? विचार करता करता मधुकररावांना एकच नाव सुचलं. ज्यानं न मागता पैसे आणून दिले, त्याच्याइतका सच्चा या गल्लीत दुसरा कोण? झालं गेलं विसरून त्याला परत बोलवावं. मुनीम म्हणून नाही, भागीदार म्हणून.

त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला आणि चार दुकानं ओलांडली.

चंपतराव बाहेर गेले होते. गादीवर गिरिधर बसला होता. समोर खाप्याच्या साड्यांचा गठ्ठा सुटलेला होता. मालकांना पाहून तो सवयीनं उठून उभा राहिला.

"तू? इथं?"

"दुकान टाकलं तवापासून चंपतराव मले दुप्पट पगारावर बोलावून राहिले होते," गिरिधर म्हणाला. "मी त्याईले एकच सांगत होतो, माह्या मालकानं काढलं तरच येईन."