चारशे बारा

“नऊ लाख सत्त्याण्णव हजार,” रॉक बँडचा मॅनेजर म्हणाला. “एकट्या पहिल्या रेकॉर्डचा खप. दहा लाखांना हात लागलाच म्हणून समजा.”

“फेका, पण झेपेल एवढं फेका,” कात्रीबाई म्हणाल्या.

रेकॉर्डचा खप तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळात बाईंची तीस वर्षं गेली होती. कुणी कितीही फुगवून आकडा आणावा आणि बाईंनी तो छाटून हातात द्यावा, म्हणून हे नाव. त्यांच्या लाल पेन्सिलीने आजवर एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. पण या दाव्याने त्यांचा जीव वेगळ्याच कारणाने जळत होता. या रॉक बँडची ती रेकॉर्ड त्यांच्या नवऱ्याने काढली होती, एकट्याने, हाताने चालवायच्या यंत्रावर. चारशे बारावी रेकॉर्ड यंत्रातून निघाली आणि तो बसल्या जागी गेला. त्या चारशे बारा रेकॉर्ड बाईंनी स्वतः मोजल्या होत्या. रडत रडत, पण दोनदा. बँडच्याच मालकीच्या त्या कारखान्याला मॅनेजरने त्याच दिवशी कुलूप लावलं. त्याला अठरा वर्षं झाली.

बाईंनी पिशवीतून तीन रेकॉर्ड काढून टेबलावर ठेवल्या. तीन वेगळ्या दुकानांतून आणलेल्या, तिन्ही कोऱ्या करकरीत. नवऱ्याची एक खोड होती. प्रत्येक रेकॉर्डवर, गाणं जिथे संपतं तिथल्या गुळगुळीत पट्टीत, तो सुईने तिचा क्रमांक कोरायचा. त्याचा नऊ कायम मागे कलंडलेला असायचा. बाई त्यावरून त्याला चिडवायच्या. या तीन रेकॉर्डवर कोरलं होतं: ९,२१४. ३,९०,०५७. ९,९६,८०९. सगळे नऊ मागे कलंडलेले.

“आकडा फुगवलात, ते तुमच्या धंद्याला शोभतं,” बाई म्हणाल्या. “पण मेलेल्या माणसाच्या अक्षराची नक्कल? लाज कशी वाटली नाही?”

मॅनेजरने एक रेकॉर्ड उचलून उजेडात धरली.

“नक्कल नाही हो बाई,” तो म्हणाला. “आईशपथ. दुकानदार सांगतात, सकाळी दार उघडलं की खोकी बाहेर ठेवलेली असतात. कोण आणून ठेवतं, कुणी पाहिलेलं नाही. आधी मी खूश झालो. म्हटलं, नशीब उघडलं. आता झोप उडालीय माझी.”

“कारखान्याची किल्ली आहे?”

“आहे. पण तिकडे कशाला उगाच...”

“चला.”

भर दुपार होती. कुलूप गंजून गेलं होतं, ते उघडायला मॅनेजरला घाम फुटला. आत जमिनीवर बोटभर धूळ होती आणि तिच्यावर एका पावलाचाही ठसा नव्हता. विजेच्या तारा केव्हाच कापलेल्या. कोपऱ्यात यंत्र होतं, यंत्रापुढे स्टूल आणि स्टुलावर बाईंनीच शिवलेली उशी. नवऱ्याची कंबर दुखायची म्हणून तिच्यात त्यांनी दुप्पट कापूस भरला होता. उशीवर धूळ नव्हती. तिच्या मधोमध खोल खळगा पडला होता.

यंत्रावर एक रेकॉर्ड होती. बाईंनी ती उचलली. क्रमांक होता ९,९७,०१९. रेकॉर्ड गरम होती, यंत्रातून नुकतीच निघालेली असावी तशी.

मॅनेजर दाराकडे सरकला. बाईंची नजर मात्र यंत्राशेजारच्या खिळ्यावर गेली. कारखान्याची रीत अशी होती की किती रेकॉर्ड काढायच्या त्याची चिठ्ठी त्या खिळ्याला टांगायची, आणि काम पुरं झालं की ती उतरवायची. नवरा त्या रीतीचा पक्का. संध्याकाळी बाई न्यायला आल्या, “उठा आता” म्हणाल्या, तरी हा ढिम्म. “चिठ्ठी उतरल्याशिवाय उठायचं नसतं,” म्हणायचा, आणि पुढची रेकॉर्ड लावायचा.

खिळ्याला पिवळी पडलेली चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं: दहा लाख.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच,” मॅनेजर पुटपुटला. “ते गेले त्या दिवशी सकाळी वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. जरा रुबाब पडावा म्हणून टांगली. नंतर काढायची राहून गेली.”

बाईंना आधी राग आला, मग त्यांची नजर उशीतल्या खळग्याकडे गेली. अठरा वर्षं. दुखऱ्या कमरेने.

“बाई,” मॅनेजर हळूच म्हणाला, “आता जेमतेम तीन हजार राहिलेत. थोडी कळ काढा. मग दावाही खरा, प्रमाणपत्रही खरं. तुमच्या पेन्सिलीला बट्टा लागायला नको.”

म्हणणं बरोबर होतं. नऊ लाख सत्त्याण्णव हजार एकोणीस हा आकडा खरा होता. त्यांच्या हातात होता, गरम होता. आणखी वीसेक दिवस थांबलं तर अशाच तीन हजार रेकॉर्ड त्यांना दुकानांतून आणता आल्या असत्या, मागे कलंडलेला प्रत्येक नऊ बोटाने चाचपता आला असता.

बाईंनी लाल पेन्सिल काढली. दहा लाखांवर आडवी रेघ मारली. तिच्याखाली आयुष्यातला पहिला खोटा आकडा लिहिला: ४१२. पुढे लिहिलं, ‘काम पूर्ण’, आणि सही केली. मग चिठ्ठी खिळ्यावरून उतरवली.

“उठा आता,” त्या म्हणाल्या.

उशीतला खळगा सावकाश वर आला.

हातातली रेकॉर्ड गार होईपर्यंत बाई तिथेच उभ्या राहिल्या.